ओढा सरळ केल्यानंतर

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता मोजणीदाराने गाव समितीच्या अध्यक्षबाईंच्या फाटकासमोर, ओढ्याच्या रस्त्याकडच्या काठावर, लाल टोकाची खुंटी ठोकली. शाळा, दवाखाना आणि समितीचं कार्यालय खुंटीच्या आत राहिलं. बाईंचं घर बाहेर गेलं.

गावाची हद्द दर दहा वर्षांनी तपासतात. उत्तरेला टेकडी, पूर्वेला दगडाची खाण, दक्षिणेला जुना रस्ता आणि पश्चिमेला ओढ्याची मधली धार, असं मूळ कागदात आहे. ओढा नेमका कुठून वाहतो हे कागदात नाही. ते लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती.

पूर्वी ओढा बाईंच्या घरामागून वळसा घेऊन शाळेकडे येई आणि पुरात मैदानात घुसे. दोन वर्षांपूर्वी समितीने तो वळसा तोडून सरळ चर खणला. पाणी आता बाईंच्या फाटकासमोरून जातं. फाटकाबाहेर चार पावलांचा सिमेंटचा साकव आहे.

"मी पाणी मोजतो, बाई. घरं मोजत नाही," मोजणीदार म्हणाला.

पायरीवर मटार सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "म्हणजे माझी सून परगावची झाली? आणि मी?"

"तुम्हीसुद्धा, आजी."

"बरं झालं. माहेरी कधी जायला मिळालं नाही, निदान परगावी तरी आले."

बाई हसल्या नाहीत. समितीचा सदस्य हद्दीतला रहिवासी असावा लागतो. गुरुवारच्या सभेत दवाखाना ठेवायचा की पंधरा मैलांवरच्या मोठ्या गावात हलवायचा, यावर मतदान होतं. सात सदस्य. ठेवण्याच्या बाजूने चार, त्यातल्या चौथ्या बाई. ठेवायला चार मतं लागतात.

अकरा वाजता त्या कार्यालयात पोचल्या. कारकुनाने ठराववही आधीच काढून ठेवली होती. प्रत्येक कागदाला टाचणी लावायच्या सवयीमुळे गाव त्याला 'टाचणी' म्हणे.

"माणसांनी खणलेल्या चरामुळे हद्द कशी हलेल?" बाईंनी विचारलं. "जुना वळसा अजून दिसतो."

"हलली नसती," टाचणी म्हणाला. "पण हे वाचा."

ठराव बाईंच्याच सहीचा होता. नव्या चराची साफसफाई जिल्हा कार्यालयाने करावी म्हणून त्यांनीच शेवटी एक ओळ घालायला लावली होती: नवा प्रवाह हाच यापुढे सर्व कामांसाठी ओढा समजावा.

"सर्व कामांसाठी," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं ना?"

"मी तेव्हा म्हटलं होतं, 'साफसफाईसाठी' एवढंच लिहू. तुम्ही म्हणालात, टाचणी, तुम्ही फार काटकसर करता."

"म्हणाले असेन."

टाचणीने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोजणीदाराने मूळ कागद मागितलाय. ठराव मागितलेला नाही. ही वही मला शुक्रवारपर्यंत सापडली नाही, तर जुना वळसाच हद्द राहील आणि कुणी काही म्हणणार नाही. माझ्या कपाटाची अवस्था सगळ्यांना माहीत आहे."

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं.

"चर साफ करायला माणसं येतात ती याच ओळीवर," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासाठी ओढा इथे आणि माझ्यासाठी मागच्या अंगाला, असं कसं चालेल? नक्कल काढा. जिल्हा कार्यालयाला जाणाऱ्या मोजणीच्या अहवालाला जोडा."

"दवाखाना जाईल, बाई."

"जुन्या वळशाचा नकाशाही जोडा. घर हद्दीत ठेवा असा अर्ज मी देते. पण ठराव सगळ्यात वर."

बाईंनी अर्ज लिहून दिला. टाचणीने तिन्ही कागद एकत्र केले. हातातली टाचणी दुसऱ्या प्रयत्नात आरपार गेली.

संध्याकाळी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "गुरुवारी मला दवाखान्यात नेशील ना?"

"नेईन," बाई म्हणाल्या.

बुधवारी दुपारी चार वाजता जिल्हा कार्यालयातून कागद मिळाल्याची पोच आली. निर्णयाबद्दल त्यात काही नव्हतं. गुरुवारच्या सभेची सूचना कार्यालयाच्या दारावर लागली आहे. तिच्यावर अध्यक्ष म्हणून बाईंची सही आहे.