विहिरीत उतरलेली तबकडी

मित्रांनो, अमरावतीच्या एका कॉलेजच्या कपाटात पडलेली मी एक जुनी, पांढरी तबकडी आहे. अकोल्याच्या एका कारागिराने मला पत्र्यातून कापलं, रंगवलं आणि मधोमध दोर ओवला. दोराला हातहात अंतरावर गाठी होत्या.

माझं काम सोपं. मला पाण्यात सोडायचं आणि कुठल्या गाठीला मी दिसेनाशी होते, ते बघायचं. त्यावरून खाली उजेड कसकसा कमी होतो, याचं गणित मांडता येतं. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती तरंगतात, त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. त्यांना अन्न तयार करायला ऊन लागतं. ते किती खोलवर पुरतं, हे कॉलेजात शिकणाऱ्या जयवंताला शोधायचं होतं. समुद्र तिनं पाहिला नव्हता, पण समुद्रालाही हाच नियम लागू पडतो, याचं तिला भारी अप्रूप.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात तिला शिकवणारे देवराव सर तिला मोर्शीजवळ, तिच्याच गावी, नत्थुजींच्या संत्र्याच्या बागेत घेऊन गेले. तिथली विहीर खोल, पाणी नितळ. सूर्य डोक्यावर आला तशी जयवंता दोर घेऊन काठाकडे निघाली.

नत्थुजी आडवे आले. "मास्तर, दोर तुमी धरा. बुधाजीची पोरगी आहे ते. आमी पेतो हे पाणी."

बुधाजीचं घर बौद्ध होऊन सहा वर्षं झाली होती. गावाच्या नजरेत काही बदललं नव्हतं.

सरांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं दोर घेतला.

मी पाण्यात उतरले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तिच्याच हातांनी पुसलेली मी त्या पाण्याला चालले, ती चालली नाही! दिसेनाशी झाले तेव्हा वाटलं, वर येऊच नये.

परतीच्या वाटेवर जयवंता म्हणाली, "सर, टिन चालते अन् माणूस चालत नाई? तुमी काहून गप्प राहिले?"

त्या विहिरीचे आकडे तिनं घेतले नाहीत. अमरावतीजवळच्या वडाळीच्या तलावावर होडीतून तिनं सगळं नव्यानं मोजलं. गढूळ पाण्यात मी लवकर हरवायची, पण गणित जुळलं. कमी होणाऱ्या उजेडाची तिनं काढलेली उतरती रेघ कॉलेजच्या प्रदर्शनात लागली. लोक सरांना शाबासकी देऊ लागले.

"मले नका म्हणू शाबास," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "विहिरीवर हिले अडवलं, तवा मी तोंड उघडलं नाई."

जयवंतानं त्यांच्याकडे पाहिलं. पण 'जाऊ द्या सर' असं ती म्हणाली नाही.

आता माझा रंग उडालाय, कड गंजलीय. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणाला पाण्यावरून हटकताना पाहाल, तेव्हा गप्प बसू नका. मी पत्र्याची, मला बोलता येत नव्हतं.