पिशवी कोणाची

“पिशवी कोन्या घरची हाय, ते सांगा आधी,” उदयसिंग म्हणाला.

सुकेशनी सिस्टर हातात कागद धरून उभी होती. “काका, पिशवीवर आडनाव नसते. गट असते. ओ निगेटिव्ह. लय मुश्किलीनं भेटली.”

“तुमचं आडनाव काय?”

“माह्या आडनावानं बाळाची कावीळ उतरत असन तर सांगते.”

बाकावरचा कोणीतरी हसला. उदयसिंगनं मिशीवरून हात फिरवला. दुसरं काही सुचलं नाही की तो तेच करायचा.

वाशीमच्या त्या दवाखान्यात त्याचा नातू काचेच्या पेटीत निळ्या उजेडाखाली पडला होता. जन्मून दोन दिवस झाले होते आणि डोळ्यांचं पांढरंही पिवळं झालं होतं. डॉक्टरांनी सकाळीच समजावलं होतं. आईचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. ते जुळलं नाही म्हणून बाळाचं रक्त अंगातच फुटत होतं. पिवळेपणा मेंदूत चढला तर पोर वाचलं तरी धड राहणार नाही. बेंबीच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, तेवढंच दुसरं भरायचं, असं करत जवळपास सगळं बदलायचं. पहिल्या बाळंतपणानंतर सुनेला एक इंजेक्शन द्यायला हवं होतं, ते दिलं का, असंही त्यांनी विचारलं. उदयसिंगच्या बायकोला, गिरजाबाईला, ते आठवत होतं. पहिली नात संस्कृती झाली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, “पोरीच्या बाळंतपणात एवढे सोंग कायले,” म्हणून सुनेला इंजेक्शनाआधीच घरी आणलं होतं.

उदयसिंगनं सगळ्यातलं एकच ऐकलं. “सगळं बदलणार? मंग आमचं काय उरन त्याच्यात?”

त्यांचं काय होतं, हे त्याच्या गावात, इंझोरीत, सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या आज्याकडे एक घोडा होता. तेवढ्या भांडवलावर उदयसिंगनं साठ वर्षं ओट्यावर बसून काढली होती. शेत दुसऱ्यानं वाहिलं, घर बायकोनं ओढलं, आणि यानं घराणं सांभाळलं.

त्यानं गावी फोन लावला. “गाडी भरून आपले मानसं आना. बाहेरचं थेंबभर नाई जाणार.”

पोराचा बाप वीरेंद्र शेजारीच उभा होता. डॉक्टरांनी सहीचा कागद त्याच्यापुढे धरला, तर तो म्हणाला, “बाबूजी म्हनतात तर थांबू थोडं.” डॉक्टर चिडले, बोलले आणि दुसऱ्या पेशंटकडे निघून गेले.

दुपारी गाडी आली. आधी चौकात नाश्ता करून मग आली. किसनसिंगच्या शर्टावर तर्री सांडली होती. गोविंदसिंगनं सुई पाहून सांगितलं, आपल्याला शुगर आहे. आणखी एकाच्या तोंडाला सकाळपासूनच दारूचा वास येत होता. उरलेल्यांचं तपासलं, तर सगळे पॉझिटिव्ह.

“पॉझिटिव्ह म्हंजे चांगलंच ना,” उदयसिंग म्हणाला.

“काका, मायचं रक्त ज्याच्याशी भांडून राह्यलं, तेच पुन्हा भरायचं का?” सुकेशनी म्हणाली. “पिशवी तयार हाय. सही करा.”

“जिल्हा मोठा हाय. आपल्यातला एखादा निघनच.” त्यानं पुन्हा फोन काढला. बाकीचे चहाला गेले.

गिरजाबाई काचेपाशी गेली. सकाळी ओठाला बोट लावलं की पोर चोखायचं. आता बोट लावलं तरी तोंड हलेना. मान मागं ताणली होती आणि रडणं बारीक, चिरकं झालं होतं. ती वीरेंद्रकडे आली.

“बाप हायस ना तू? कर सही.”

“बाबूजीले राग येईन, माय.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हा आपल्या पोटचा, हे तिला त्या घटकेला जड गेलं. ती सिस्टरकडे वळली.

“मायची सही चालत नाई का?”

“चालते ना, मावशी.” सुकेशनीनं कागद तिच्या हातात दिला. “तिले कोनी इचारलंच नाई. आमीपन नाई.”

सून साधना वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. गिरजाबाईनं कागद तिच्यापुढं धरला.

“आत्याबाई, बाळ कसं हाय?”

“सही कर. मंग सांगते.”

“आन बाबूजी?”

“ते खाली घरानं मोजून राह्यले.”

साधनानं उठून सही केली आणि मग विचारलं, कशाची.

दिवस मावळेपर्यंत रक्त बदलणं चाललं. सिरिंजनं काळपट रक्त निघे, पिशवीतलं लाल आत जाई. गिरजाबाई काचेबाहेर उभी होती. ज्या कोणी ते दिलं होतं तो देऊन आपल्या कामाला गेला होता. कोणत्या घरी जाणार, हे त्यानं विचारलं नव्हतं. उदयसिंग बाहेर गाडीत बसून राहिला. त्याला अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

पोर जगलं. त्याचं नाव लखन ठेवलं. उदयसिंगनं गावात पेढे वाटले आणि सांगितलं, “आमच्या रक्तातच दम हाय.”

लखन तिसऱ्या वर्षीही बोलेना, तेव्हा साधना त्याला अकोल्याला घेऊन गेली. कानापर्यंत आवाज पोचतो, पुढं मेंदूत जात नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हाच्या काविळीनं झालं, असंही सांगितलं. घरी आल्यावर उदयसिंग म्हणाला, “काई नाई झालं त्याले. हट्टी हाय. आमच्यावर गेला.”

गेल्या हिवाळ्यात ओट्यावर पाहुणे बसले होते. घोड्याची गोष्ट सांगून झाली होती. अंगणात गिरजाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती आणि लखन तिच्यापुढे, ओट्याकडे पाठ करून बसला होता.

“लखनसिंग, इकडं ये,” उदयसिंगनं पाहुण्यांना दाखवण्यासाठी हाक मारली.

पुढं जाऊन लखनच्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागतं, हे गिरजाबाईनं नवऱ्याला कितीदा तरी सांगितलं होतं. या वेळी ती शेंगाच सोलत राहिली. उदयसिंगनं पुन्हा हाक मारली, मग अजून मोठ्यानं. पाहुणे खाली पाहू लागले. गोठ्यातल्या बैलानं मान वळवली.

लखननं एक शेंग उचलली, आपल्या हातानं सोलली आणि दाणे आजीच्या तळहातावर ठेवले. तिनं ते सुपात टाकले नाहीत. मूठ मिटून तशीच बसली. मागं हाका चालूच होत्या.