एका ‘आलंच’ला एक सीट

सिन्नर सोडल्यावर गाडी पहिल्यांदा लांबली, तेव्हा हेमांगीनं आरशाला दोष दिला.

आरशात पोरं नेहमीपेक्षा लहान दिसत होती. तिनं आरसा हलवला, ओढणीच्या टोकानं पुसला. मग चिवड्याचा डबा द्यायला डावा हात मागं नेला, तर घ्यायला कुणी नव्हतं. तिचा हात आणि पोरं यांच्यामध्ये एक अख्खी रिकामी सीट होती. कव्हर तेच, निळ्या चौकड्यांचं. फक्त ही सीट नवी होती, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

“आई, डबा!” चार वर्षांचा अंगद मागून ओरडला.

“फेकते. झेल.”

डबा नव्या सीटवर पडून उघडला आणि प्लास्टिकवर चिवडा पसरला. गाडी पाच माणसांची होती, ती आठांची झाली होती.

नाशिक ते हिंगोली. चारशे किलोमीटर, बाई एकटी, पोरं दोन. नवरा येणार होता, पण त्याच्या ऑफिसात ऑडिट निघालं. सकाळी सातला तो गेटपर्यंत आला, टायरला पायानं ठोकून बघितलं, ‘सावकाश जा’ म्हणाला आणि आपली जबाबदारी पार पडली म्हणून चहा प्यायला वर गेला.

हेमांगीला मात्र जायलाच हवं होतं. हिंगोलीत तिच्या धाकट्या भावाच्या, प्रसन्नच्या, मुलीचं बारसं होतं. सव्वाचारचा मुहूर्त. हेमांगी आत्या, तीही एकुलती एक, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव तिनं ठरवून ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. रेणू.

हे नाव खरं तर तिचं स्वतःचंच. छत्तीस वर्षांपूर्वी तिची आत्या हेच नाव घेऊन निघाली, एसटी चुकली, आणि बारशाला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. तोवर मुहूर्त टळायला नको म्हणून शेजारच्या काकूंनी समोर दिसलं ते नाव बाळाला सांगून टाकलं होतं. समोर साडीचं खोकं होतं. त्यावर ‘हेमांगी सिल्क्स’ असं छापलेलं होतं. तेव्हापासून रेणू हे नाव घरात न वापरलेल्या पातेल्यासारखं माळ्यावर पडून होतं. आज उशीर झाला असता तर ते तिथंच राहिलं असतं, कारण बाळाची मावशी टपलेली होती. मावशीनं ‘झियारा’ काढलं होतं. अर्थ काय विचारलं की ती मोबाइल काढायची.

“आई, आलं का?” सहा वर्षांच्या मिहिकानं विचारलं.

“आलंच हं.”

या वेळी हेमांगीचं लक्ष आरशातच होतं. टेबलाचा खण ओढावा तशी मागची सीट पोरांना घेऊन गपचूप मागं गेली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आणखी एक सीट येऊन बसली. प्लास्टिकसकट.

तिनं गाडी कडेला घेतली आणि गॅरेजवाल्या मुश्ताकभाईंना फोन लावला.

“भाई, गाडी लांबतेय.”

“लांबतेय म्हणजे? आवाज येतो का?”

“आवाज नाही येत.”

“वास?”

“चिवड्याचा.”

“मग चालवा ताई, काही होत नाही. आल्यावर बघू.”

वैजापूर येईपर्यंत पोरांनी सहा वेळा विचारलं, हेमांगीनं सहा वेळा सांगितलं, आणि गाडीत सहा सीटा वाढल्या. हिशोब सरळ होता. एका ‘आलंच’ला एक सीट. त्यातली गोम तिला रस्त्याकडे बघता बघता कळली. आपण आलंच म्हणतो तेव्हा आलेलं नसतं. ते न आलेलं अंतर कुठंतरी जायला हवं. रस्ता पडला सरकारी. त्याची लांबी वाढवायची तर निविदा काढा, मोजणी करा, नारळ फोडायला कुणाला तरी बोलवा. त्यापेक्षा खासगी गाडी बरी. ती बिचारी कुणाला न विचारता वाढते.

मग बोलायचंच नाही, असं तिनं ठरवलं.

“आई, आलं का?”

तिनं गिअर बदलला.

“आई, आलं का? आई? आई! आलं का? आईऽऽ, ताई मला ‘आई मेली’ म्हणतेय!”

“काही मेले नाहीये मी! गप बसा, आलंच!”

एक सीट.

मग तर पोरं दर मिनिटाला विचारायला लागली, आणि थोड्याच वेळात ओरडूनही ऐकू जाईना. बरं तर बरं, कार्टून बघायला म्हणून पोरांकडे जुना मोबाइल होता. हेमांगी त्यावर फोन करायला लागली. बिस्किटाचे पुडे ती सीटवरून सीटवर टप्पे देत फेकायची. वळणावर गाडी आधी पुढून वळायची, आणि मग बराच वेळ मधून वळत राहायची. एक ट्रकवाला वैजापूरपासून ओव्हरटेक करत होता. शेवटी एकदाचा तो तिच्या खिडकीशी आला. घामाघूम झाला होता.

“ताई, संपत का नाही हो तुमची गाडी?”

“पोरं विचारतात.”

“हां, मग बरोबर,” तो म्हणाला आणि पुढं निघून गेला. त्यालाही असणार दोन-तीन.

संभाजीनगर गेलं. जालन्याच्या थोडं अलीकडे एका चौकात ट्रॅफिक हवालदारानं हात केला. वय पन्नाशीचं, चेहरा सभ्य.

“बस आहे का ही?”

“नाही. हॅचबॅक.”

“किती लोक आहेत आत?”

“दोन. माझीच आहेत. मागं बसलीयेत.”

“बघून येतो,” म्हणत तो गाडीच्या कडेकडेनं चालत गेला. हेमांगीनं घड्याळ बघितलं. साडेबारा वाजत आले होते. अकरा मिनिटांनी तो परत आला तेव्हा हातात अर्धा बेसनाचा लाडू होता.

“गोड आहेत हो पोरं. बारकं विचारत होतं, आलं का म्हणून.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? रडायला आलं होतं बिचारं. म्हटलं, आलंच की रे पठ्ठ्या!”

दोघांनी मिळून मागं बघितलं. लांब, पुलाच्याही पलीकडे, गाडीच्या मागच्या टोकाचा ठिपका आणखी थोडा बारीक झाला. हवालदारानं उरलेला लाडू तोंडात टाकला.

“मुलांशी खोटं बोलू नये,” तो म्हणाला. “जा तुम्ही.”

जालन्याला हेमांगीनं ठरवलं, खरं सांगून बघायचं. गाडी लिंबाच्या सावलीत उभी केली. म्हणजे पुढचा भाग सावलीत. मागं ऊनच होतं. फोन लावला.

“मिहिका, फोन स्पीकरवर टाक. दोघंही नीट ऐका. अजून नाही आलं. दीडशे किलोमीटर राहिलंय. तीन तास लागतील.”

मग एक आवाज सुरू झाला, लग्न संपल्यावर मांडववाले खुर्च्या एकात एक घालतात तसा. खट, खट, खट. सीटा मिटत होत्या. आरशात पोरं मोठी होत होती. मिहिकाची सुटलेली वेणी दिसली. अंगदच्या हनुवटीवरचा चॉकलेटचा डाग दिसला. आणखी चार सीटा आणि तिचा हात पोचला असता.

“मग तू सारखी आलंच, आलंच का म्हणत होतीस?” मिहिकानं विचारलं.

“तुम्ही रडू नये म्हणून.”

“म्हणजे खोटं बोललीस.”

“हो.”

हे ऐकून आणखी एक सीट मिटली. अंगदनं मात्र तीन तास या शब्दावर सावकाश विचार केला होता. आता त्याचा विचार पूर्ण झाला आणि त्यानं भोंगा पसरला. तोंड लाल, मान मागं, पाय पुढच्या सीटवर धाडधाड. रडता रडता त्याला उचकी लागली, उचकीतून खोकला, खोकल्यातून सकाळचं दूध वर यायला लागलं.

“शूऽऽ आली! आत्ताच्या आत्ता आली!”

“थांब रे राजा, थांब, धाबा आलाच बघ, आलाच!”

मिटलेल्या सगळ्या सीटा एका दमात परत उघडल्या. वर दोन जास्तीच्या आल्या, कारण ती दोनदा म्हणाली होती.

धाबा चौदा किलोमीटरवर होता. तिथं मिहिकानंच अंगदला खाली उतरवलं, बाभळीच्या आडोशाला नेलं, परत चढवलं आणि फोनवर कळवलं, “झालं. हात धुतले. थोडीशीच ओली झालीये चड्डी.” हेमांगी अर्धा मैल पुढं स्टिअरिंगवर डोकं टेकून हे ऐकत होती. तिला वाटलं, उतरावं, मागं पळत जावं, दोघांना काखोटीला मारून पुढं आणून बसवावं. पण पुढं एकच सीट होती आणि त्यावर बाळासाठी घेतलेला लाकडी घोडा होता. शिवाय जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं. घड्याळात पावणेदोन झाले होते.

मंठ्याच्या अलीकडे प्रसन्नचा फोन आला.

“ताई, कुठवर आलीस? सगळे वाट बघायलेत.”

आता हा प्रश्न पोरांचा नव्हता. आणि जगात कुठल्याही बारशाला निघालेल्या कुठल्याही माणसानं या प्रश्नाचं जे उत्तर दिलं असतं, तेच तिच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

“अरे, औंढ्यात शिरतेय!”

फोन ठेवता ठेवता तिला कळलं, की मोठ्या माणसाला मारलेली थाप एका सीटवर भागत नाही. मंठ्यापासून औंढ्यापर्यंतचं अंतर, पासष्ट किलोमीटर, गाडीत एकदम आलं. आवाज काहीच झाला नाही. आरशात निळ्या चौकड्यांच्या सीटांची रांग होती, ती हळूहळू एक रेघ झाली, आणि रेघेच्या टोकाशी काही नव्हतं.

तिनं घाईघाईनं फोन लावला.

“मिहिका? तुम्ही कुठायत?”

“गाडीत.”

“बाहेर काय दिसतंय?”

“तो लाडूवाल्या काकांचा चौक परत आलाय. काका हात करतायत.”

“बरं. अंगद?”

“झोपलाय. आई, माझा फोन लाल झालाय.”

“मग ठेव. बॅटरी संपेल. मी पोचले की...” ती थांबली. पोचले की काय, हे तिला नीट बोलता येईना. “ठेव तू.”

जिंतूर गेलं. खरं औंढा आलं आणि तेही गेलं. तिनं पाणी प्यायलं नाही, रेडिओ लावला नाही. तोंड उघडायचीच तिला भीती वाटत होती. मनातल्या मनात ती एकच शब्द म्हणत होती, रेणू, रेणू, रेणू, म्हणजे दुसरा शब्द यायला जागाच राहायची नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी गाडीचं नाक हिंगोलीत प्रसन्नच्या फाटकातून आत शिरलं आणि तुळशीसमोर थांबलं. मांडवाखाली पन्नास बायका होत्या. घुगऱ्यांचा वास येत होता. हेमांगीची आई धावत आली.

“आलीस गं बाई! पोरं कुठायत?”

“मागच्या सीटवर.”

आईनं वाकून आत बघितलं, डोळ्यांवर हाताची सावली धरून बराच वेळ बघितलं. “झोपलेत वाटतं,” ती म्हणाली. “झोपू दे. तू चल, पाच मिनिटं राहिलीत. ती मावशी केव्हाची पाळण्याला चिकटून उभी हाय, हलेना.”

“आई, मी आधी त्यांना घेऊन येते.”

“कुठून?”

हेमांगीनं मनातल्या मनात मोजलं. मागची सीट आता जिंतूरच्याही पलीकडे होती.

“ताई!” प्रसन्न ओरडला. “मुहूर्त!”

तिनं लाकडी घोडा उचलला, चपला काढल्या आणि आत गेली. फाटकाबाहेर तिची गाडी रस्त्यानं लांब लांब गेलेली होती. लोक तिच्या कडेनं वाट काढत होते, आणि मधल्या एका सीटवर दोन म्हाताऱ्या ही बस कधी सुटते याची वाट बघत बसल्या होत्या.

पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. मागच्या भिंतीवर मावशीनं चंदेरी फुग्यांची ‘झि’ आधीच लावून ठेवली होती, बाकीचे फुगे हातात होते. बाळ जागं होतं. बारा दिवसांचं, लाल, कपाळावर काजळाची तीट. हेमांगी वाकली. सव्वाचार वाजले. बायका तिच्या पाठीशी हात उगारून उभ्या राहिल्या.

“सांग गं आत्या! कुर्रऽऽ!”

धपाटे सुरू झाले आणि तेवढ्यात तिच्या मुठीतला फोन वाजला. जुन्या मोबाइलचा नंबर होता. न घ्यावा, तर लाल झालेली बॅटरी. तिनं एका कानाला फोन लावला, आणि तोंड बाळाच्या कानाशी नेलं.

“आई,” मिहिकाचा आवाज फार बारीक होता. ती रडत नव्हती. “इथं रस्त्यावर कुणीच नाहीये. अंगद उठलाय. खरं खरं सांग. आलं का?”

“नाव सांग की गं!” मावशी म्हणाली. “का मी सांगू?”

“आत्या, सांग! कुर्रऽऽ!”

हेमांगीनं रेणू म्हणायला तोंड उघडलं. बाळ तिच्याकडे बघत होतं.

“आलंच,” ती म्हणाली.

फोन बंद पडला. पाठीवर धपाटे पडत राहिले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, नाव नीट ऐकू आलं नव्हतं तरी वाजवल्या, आणि पाळणा बाळाला घेऊन गपचूप एक हात मागं सरकला. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा पाळणा होता. रिकामा, नवा कोरा. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.