बिनपानाचं फूल

झाड आजारी दिसलं की आमच्या आप्पांना गप्प बसवत नाही. सांगोल्यातली आमची अर्धी डाळिंबाची बाग मर रोगानं डोळ्यांदेखत वाळली, तेव्हापासून मातीतली बुरशी म्हणजे त्यांची जन्माची वैरीण. कुठलंही रोप लावलं की आधी आळवणी, म्हणजे बुरशीनाशक पाण्यात कालवून मुळाशी ओतायचं. दारातली तुळससुद्धा यातून सुटली नाही.

आणि मी घरी आणली ती नेमकी बुरशीवर जगणाऱ्या रोपाची कुंडी.

सह्याद्रीच्या जंगलातलं फूल होतं ते. पांढरंफटक, पान एक नाही, हिरवा ठिपका नाही. कुजक्या पाल्यावर वाढणारी बुरशी त्याला अन्न पुरवते, उन्हाचं त्याला काही देणंघेणं नाही. ते उगवलं होतं तिथला रस्ता रुंद होणार होता. वनखात्याची परवानगी काढून मी ते मातीच्या गड्ड्यासकट उचललं. बोंड पिकलं की बी पुन्हा जंगलात टाकायचं, एवढंच करायचं होतं. दुसरं रोप आम्हाला कुठंच सापडलं नव्हतं.

सोलापूरला आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा पत्र्याखाली, दुपारी नुसती भट्टी. घरची ज्वारीच्या पोत्यांची खोली मात्र अंधारी आणि गार. म्हणून वाटेत उतरून कुंडी तिथं ठेवली, आप्पांना बजावलं, "पानी नको, खत नको, ऊन नको," आणि माझ्या संशोधनाच्या सरांना भेटायला सोलापूरला गेले.

परत आले तर आप्पा फाटकातच उभे. भलतेच खुशीत.

"पायल, तुजं झाड लई आजारी हुतं गं. रंगच न्हवता त्येला. माती उकरली तर सगळीकडं बुरशीचं पांढरं जाळं. म्हनलं, पोरगी यायच्या आत बरं करावं. दोनदा आळवणी केली."

"दोनदा?"

"भारीतलं औषद घातलं की, तुज्यासाटी."

मी पिशवी तिथंच टाकली. खोलीत धावले. फूल ताठ उभं होतं, बोंडही टपोरं, आणि माती औषधानं गच्च भिजलेली. माती बदलावी तर गड्डा फुटणार, धुवावी तर उरलंसुरलं जाळंही जाणार. सरांना फोन केला. त्यांनी औषधाचं नाव विचारलं. मग म्हणाले, "आता बघत राहा."

बघत राहिले. भिंतीवर डोकं आपटावं इतका राग आला होता, पण काढायचा कुणावर? आप्पा रोज सकाळी बागेत जायच्या आधी चपला दाराबाहेर काढून आत यायचे आणि बॅटरीच्या उजेडात वाकून बघायचे, हिरवा कोंब फुटलाय का.

"धरंल, धरंल," म्हणायचे.

नाही धरलं. देठ बुडापासून काळा पडत गेला. बोंड सुरकुतलं आणि न पिकताच गळालं. चिरून बघितलं, तर आत नुसता ओला चोथा.

आप्पा कुंडीपाशी उकिडवे बसले. बाग गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"माजंच चुकलं, पोरी," ते म्हणाले. "तू ठिवून गेलीस, त्याच सांजंला औषद घालायला पायजे हुतं. येक दिस उशीर केला मी."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. ते माझ्याकडं बघत होते.

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "उशीरच झाला."