तिसरा ठोका

योगराज गप्प राहिला तर त्याचं नुकसान काहीच नव्हतं. फायदा मात्र दांडगा होता: इच्छापोरच्या कारखान्यातल्या बाराही कॉम्प्युटर भरतकाम मशीनची देखभाल, ऑफिसात पंख्याखाली खुर्ची, आणि लिंबायतच्या गल्लीत ‘रेडिओवाला’ पुसून ‘इंजिनेर’ हे नाव. बोलला असता तर फायदा उखानानाचा होता.

म्हणून मगनशेठ ओरडत होता आणि योगराज आधीच स्वच्छ असलेला स्क्रूड्रायव्हर पुसत होता.

“आ जो, योगराज! मशीनच्या मगजावर ओलं पोतं!” शेठने कंट्रोलच्या पेटीवरचं गोणपाट दोन बोटांनी उचललं. “पाणी अंदर गयुं, एटले साडीवरचे मोर वाकडे. चार दिवसांत नव्वद साड्या बगडी!”

मशीन चालवणारा उखा बाजूलाच उभा होता. वीस वर्षं लूमवर काढलेला माणूस. योगराजला या कारखान्यात आणलं होतं तेही त्यानेच.

“दुपारले पेटी तापस, शेठ,” उखा म्हणाला. “ गोणपाट टाकं का मोर बराबर उठस.”

लूमवर उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून जमिनीवर पाणी मारतात. उखाने तीच विद्या कॉम्प्युटरला लावली होती. कारीगर फिदीफिदी हसले. योगराजही हसला, आणि मध्येच त्याचं हसू विरलं. उखाचं बरोबर होतं.

चार दिवसांपूर्वी मशीनची मेमरी जळली, तेव्हा योगराजने बाजारात मिळाली ती बसवली होती. डिझाइन त्या मेमरीत असतं. कंट्रोलरची चिप तिला आधी ओळ सांगते, मग ओळीतलं घर सांगते, घड्याळाचे दोन ठोके मोजते आणि तारांवर जे असेल ते उचलते. बघत नाही, नुसती मोजते. खानावळीत ताट पुढे करून दोन आकडे मोजायचे आणि वाढपी पोचो न पोचो, ताट ओढून घ्यायचं, असा तो कारभार. जुनी मेमरी दोन ठोक्यांत पोचायची. नवीला तीन लागत. सकाळच्या गारव्यात ती धापा टाकत दोनात पोचे, आणि योगराजने तपासली ती सकाळीच, घरच्या पंख्याखाली. दुपारी कारखान्याचा पत्रा तापला की तिचा पाय जड होई, आणि सुई मोराची मान सोडून भलतीकडे टोचे. मेमरीच्या कागदावर ‘तीन’ लिहिलेलं त्याने वाचलंही होतं. पण चाललं ना दोनात, म्हणून सोडून दिलं होतं.

“योगा, तू सांग ना शेठले,” उखा म्हणाला. “तुले कळस यामातलं.”

योगराजने गोणपाटाकडे पाहिलं. “विजेच्या वस्तूला पाणी वाईटच, नाना.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणून तर ते बोलणं इतकं उपयोगाचं ठरलं.

“उद्यापासून काम पर आवतो नहीं,” शेठ उखाला म्हणाला.

उखाने खुंटीवरचा डबा काढला. दारापाशी वळून तो योगराजला म्हणाला, “पेटीले जप भो, दुपारले.”

तो फाटकाबाहेर गेल्यावर योगराजने पेटी उघडली आणि कंट्रोलरच्या कार्डावरची ठोक्यांची छोटी पिन दोनवरून तीनवर सरकवली. बस्स, एवढंच. तीन वाजता पत्रा कडकडत असताना मोर उठले, माना ताठ, तुरे सरळ.

“जोयुं?” शेठने टाळी दिली. “माणस काढ्यो, ने मशीन बराबर!”

योगराजने टाळी घेतली.

खुर्ची मिळाली. नावही मिळालं. गोणपाट शेठने पाय पुसायला ऑफिसच्या दारात टाकलं. ते वाळून कडक झालं तरी पेटीच्या मापाची घडी मोडली नाही. खुर्चीकडे जाताना योगराज त्याच्यावरून लांब ढांग टाकतो. मशीनने मेमरीच्या दर वाचनामागे एक ठोका जादा दिला, तो कुणाला जाणवलाही नाही. शेठने एक माणूस दिला, तोही नाही. बाकीची सगळी किंमत उखाने भरली.