कमानीवरचे हत्ती

चेअरमनसाहेब, तुमच्या कमानीवरचे दोन हत्ती माझ्या पोरीच्या प्लास्टरचे आहेत. ऐकीव सांगत नाही. हात लावून बघितलंय.

माझी गुलाब दोन वर्षांची. पाठीचा कणा एका अंगाला वाकत चाललेला. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड कोवळं आहे तोवरच सरळ होईल. काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टर, दर दोन महिन्यांनी नवं, वाढत्या मापाचं. दोन झाली. एक्सरेच्या फोटोत वाक निम्म्यावर आला होता.

तिसऱ्या वेळी दवाखान्याची रीत पाळली. जुनं प्लास्टर आदल्या दिवशी घरीच भिजवून सोडवायचं, पोर धुऊन आणायचं. हे ऐन बहात्तरच्या दुष्काळात. आमच्या बुद्धवाड्याला टँकर सगळ्यांत शेवटी, तळाला काही उरलं तर. लागणार दोन बादल्या, घरात एक कळशी. माझी बायको द्वारका कुणाच्या दारात गेली नाही, तरी बाया आल्या. कुणी तांब्या, कुणी अर्धी घागर. शेजारच्या म्हाताऱ्या धुरपदाबाईंनी पिण्याचं होतं ते ओतलं. द्वारका नको म्हणाली.

"गप बस," त्या म्हणाल्या. "म्या आजच्या दिस थुंकी गिळून ऱ्हाईन. पोरीची पाठ थांबती व्हय उद्यापतोर?"

पट्ट्या सुटल्या. गुलाबनं दोन महिन्यांचं पोट खाजवून घेतलं. सकाळी खडी फोडायच्या कामावर खाडा करून आम्ही परंड्याहून एसटी धरली.

कंपाउंडर महालिंगप्पा मान वर करेना. प्लास्टर संपलं म्हणाला. मी म्हणालो, मागच्या खेपेला तर भिंतीला खोकी लागली होती.

"कारखान्याच्या पायाभरणीला मंत्री येणारेत. वरून चिठ्ठी आली, खोकी गेली. मला कोण इचारतंय?"

डॉक्टरांनी फडक्यानं आवळून दिलं. पोरीला निजवून ठेवा म्हणाले. दोन वर्षांचं पोर निजवून ठेवायचं, आणि आईबापानं खडीवर जायचं.

परतताना कारखान्याच्या कमानीपाशी एसटी थांबली. मी उतरलो, कमानीवर चढलो. हत्तींच्या पायांना बांबूवर गुंडाळलेली तीच जाळीची पट्टी. द्वारकानं कालच भिजवून सोडवली होती, तसलीच. बोटाला ओळख पटली.

प्लास्टर दीड महिन्यानं आलं. तोवर वाक होता तिथं परत गेला होता. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, बराच वेळ धरला. पहिल्यापासून सुरू करू म्हणाले, पण वय हातचं चाललंय, खात्री देत नाही.

दवाखान्याच्या समितीवर तुम्ही. कारखान्यावर तुम्ही. मी तुमच्या कचेरीत तीनदा येऊन बसलो. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगीत, साहेब जेवायला. दमलोय मी. म्हणून लिहितो.

पाऊस नाही, त्यामुळं हत्ती अजून उभे आहेत, पाठ ताठ करून. ती चिठ्ठी कुणाच्या सहीची होती? नाव लिहून उत्तर द्या.