एक ओरखडा नाही!

मी एक जुनी खुर्ची आहे. निदान माझं मत तरी तसंच आहे! लोकांना विचाराल, तर कोणी मला बाळाची हायचेअर समजतं, कोणी न्हाव्याच्या दुकानातली. बोळिंजच्या एका काकांनी तर "देव्हारा कुठून आणलात हो?" असं विचारलं होतं. त्यांचीही चूक नाही, मित्रांनो. माझ्या पाठीच्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या फळ्या आहेत, छातीशी पट्टा आहे, पुढे ट्रे आहे आणि पाय ठेवायला वेगळी फळी आहे. एवढं सगळं अंगावर असल्यावर माझाच गोंधळ होतो, तिथे काकांचं काय?

माझा जन्म निर्मळ गावातला. विनयाताई दिव्यांग मुलांच्या घरोघरी जातात. कोणत्या मुलाला काय लागतं ते बघतात, आईवडिलांना शिकवतात, त्यांचं ऐकून घेतात. त्या स्कूटरवरून एडवर्ड सुतारांकडे आल्या आणि शॅनन नावाच्या मुलीची मापं सांगायला लागल्या. कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच, काख ते काख...

"अगं बाई, नवरीच्या ब्लाउजला पण एवढी मापं घेत नाहीत!" एडवर्डमामा म्हणाले.

"ब्लाउज चुकला तर नवरी रुसते, मामा. ही चुकली तर शॅनन कलंडते."

मग मामांनी मला अगदी मन लावून घडवलं. शॅननचे स्नायू तिचं ऐकत नसत. पण माझ्यात बसली की ती ताठ! आणि मग माझ्या ट्रेवर तिने काय नाही सांडलं! केळ्याचा लगदा, कोलंबीचं कालवण, रंग, एकदा तर मम्मीची अख्खी नेलपॉलिश. चमचा आपटून आपटून तिने मला खड्डे पाडले. मला वाटायचं, काय ही माझी हेळसांड! कोणी साधं पुसतसुद्धा नाही धड.

शॅनन मोठी झाली, मी तिला पुरेना. मामांनी मला घासलं, रंगवलं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं, आणि मी बोळिंजला एका सोसायटीत आले. तिथे हेमांगी, तिचा पाच वर्षांचा मुलगा स्वरूप आणि तिच्या सासूबाई विमलाआजी राहतात. विनयाताई मला देताना म्हणाल्या, "जपा हं. स्वरूप मोठा झाला की पुढच्या मुलाला द्यायची आहे."

आणि काय सांगू, मित्रांनो, त्यांनी मला जपलं! प्लॅस्टिक काढलंच नाही. वरून भरतकामाचा रुमाल घातला. हॉलमध्ये टीव्हीशेजारी जागा दिली. दसऱ्याला चक्क झेंडूचा हार आणि हळदकुंकू! पाहुणे म्हणायचे, "वा, काय ठेवलीय!" ताईंचा फोन यायचा, "खुर्ची कशी आहे?" हेमांगी सांगायची, "एकदम छान, ताई!" मी खूश. हेच ते सुख, असं मी ठरवून टाकलं.

फक्त एक गोष्ट मला कळत नव्हती. स्वरूप कुठे होता? तो आतल्या खोलीत गादीवर असायचा. हेमांगी त्याला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने भाजी ढवळायची. मग मी कशासाठी होते?

दिवाळीनंतर ताई आल्या. हेमांगीने हौसेने रुमाल उचलला. "बघा ताई, एक ओरखडा नाही!"

मी छाती पुढे काढली. आणि ताईंचा चेहरा पडला. आता हे काय नवीन?

"स्वरूप बसतो ना यात?"

हेमांगीने आजींकडे बघितलं. आजींनी पंख्याकडे बघितलं.

"अहो, मागून आणलेली वस्तू," आजी म्हणाल्या. "हा लाळ गाळतो, सांडतो. दुसऱ्याच्या लेकराला काय डागाळलेली द्यायची? आम्ही शेजारचं पातेलंसुद्धा लख्ख घासून परत देतो."

ताई मटकन खाली बसल्या. "माझंच चुकलं. जपा म्हणाले, आणि फोनवर खुर्चीचीच चौकशी करत बसले. पण आजी, नायगावची एक मुलगी अशाच खुर्चीसाठी थांबलीय. ही इथे नुसती उभी राहणार असेल, तर मला आजच न्यावी लागेल."

"मग स्वरूप?" हेमांगीने विचारलं.

"तेच विचारतेय. झोपून झोपून त्याची पाठ वाकायला लागलीय. वरण-भात आहे का घरात?"

ताईंनी टर्रकन प्लॅस्टिक फाडलं. आजी ओरडल्या, "अहो अहो, नवी आहे!" ताई आणि हेमांगीने मिळून स्वरूपला माझ्यात बसवलं, पट्टा लावला. तो रडायला लागला. मान एकीकडे, हात दुसरीकडे. मला वाटलं, झालं, मी याला टोचतेय!

"थोडाच वेळ," ताई म्हणाल्या. "फारच रडला तर काढू, उद्या परत बसवू. आजी, तुम्ही समोर बसा."

ताईंनी वरण-भात थेट ट्रेवर वाढला. स्वरूपचा हात त्यात पडला. त्याने तो उचलला, परत आपटला. फट्! वरण आजींच्या पातळावर. रडणं थांबलं. मान डुगडुगत का होईना, जराशी वर आली.

"हा माझ्याकडे बघतोय की पंख्याकडे?" आजींनी हळूच विचारलं.

"पंखा वर आहे, आजी."

हेमांगी रडत होती आणि हसत होती. नक्की काय चाललंय ते मला समजेना, पण मला हलावंसं वाटत नव्हतं. तसंही मला हलता येत नाही म्हणा!

मग ताई भीतभीत म्हणाल्या, "तर आजी... नेऊ का खुर्ची?"

"न्यायची कशी?" आजी पदराने डोळे पुसत खेकसल्या. "हळदीचा डाग पडलाय, दिसत नाही? आमच्या घरातून डागाळलेली वस्तू बाहेर जाणार नाही!"

ताई हसतच सुटल्या. नायगावच्या मुलीची मापं घेऊन त्या थेट मामांकडे गेल्या.

आता माझ्यावर रोज नवा डाग पडतो. मित्रांनो, सगळ्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी उलटं सांगते म्हणून गोंधळू नका, कारण मी स्वतः अजून पुरती सावरलेली नाही. आम्हाला झिजवा, खरकटं करा! आणि एक विनंती. मी मुलाला ताठ बसवू शकते, पण त्याच्या समोर बसणं मला जमत नाही. तेवढं तुम्ही करा.